चारला फोन करते

वहिनी मंगळवारी दुपारी गेल्या. चार वाजता मी केतकीला फोन केला.

केतकी माझी पुतणी, वहिनींची एकुलती एक मुलगी. ती कॅनडात असते. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा तिच्याकडे पहाट असते, पण गेले कित्येक महिने ती त्या वेळी उठून, चहा करून फोनपाशी बसत होती. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने फोन उचलला. "काका, तुम्ही?" एवढंच म्हणाली. एरवी त्या वेळी आईचा आवाज यायचा... मी जे झालं होतं ते सांगितलं. तिने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चारलाच केलात." मी हो म्हणालो. आमच्या घराबाहेर कुणाला यातलं काही कळायचं नाही. त्यानंतर भेटायला माणसं येत राहिली, "कसं झालं?" विचारत राहिली, आणि मी तीच हकिगत सांगत राहिलो. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात आजार उरला, दवाखाना उरला, आणि वहिनी कुठेच उरल्या नाहीत. आता येणारे थांबले आहेत. थकवा मात्र अजून अंगात आहे, त्यामुळे हे हळूहळू लिहितो आहे.

वहिनी लग्न होऊन पनवेलला आल्या तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. पुढे त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. लग्न केलं नाही. तळ्याजवळच्या या फ्लॅटमध्ये दादा आणि वहिनींबरोबरच राहिलो. दादा तळोज्याला एका केमिकल कंपनीत होता, शिफ्टमध्ये. केतकी शाळेत जायला लागली तशा वहिनी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागल्या. परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून द्यायचा हे त्या ऑफिसचं काम. आणि जहाज कधी लागणार ते माल मागवणाऱ्या पार्ट्यांना फोनवर सांगायचं, हे वहिनींचं. आयुष्यात त्या कधी जहाजावर चढल्या नाहीत. पण निवृत्त होईपर्यंत दिवसभर कानाला फोन लावून त्या जहाजांबद्दलच बोलत होत्या.

जहाजाची तारीख पक्की नसते. आधीच्या बंदरात उशीर होतो, वाटेत हवा बिघडते, इथे पोचल्यावर धक्का रिकामा नसतो. म्हणून येणाऱ्या जहाजांच्या छापील तक्त्यात तारखेपुढे 'टेंटेटिव्ह' असं लिहिलेलं असायचं. हा शब्द वहिनी त्या तक्त्यातून घरी घेऊन आल्या. गॅसवाला आज येणार का? टेंटेटिव्ह. रविवारी उरणच्या मावशी जेवायला येणार का? टेंटेटिव्ह. दादाला त्याचा भयंकर राग यायचा. त्याच्या कंपनीत यंत्र चालू असायचं नाहीतर बंद, माणूस शिफ्टला आत असायचा नाहीतर बाहेर. "विनू," तो मला म्हणायचा, "लग्नाला हिने होकार दिला तो न्हावा शेव्याच्या आधी, म्हणून वाचलो. आज विचारलं तर टेंटेटिव्ह म्हणेल." वहिनी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "आज विचारूच नका."

मला शब्दांची हौस. एकदा ग्रंथालयातल्या कोशात मी तो शब्द काढून पाहिला आणि रात्री जेवताना वहिनींना अर्थ वाचून दाखवले. तात्पुरता, प्रायोगिक, चाचपडत केलेला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कोश लिहिणाऱ्याने फोनवर काम केलेलं दिसत नाही, भाऊजी," म्हणाल्या. मग त्यांच्या मते अर्थ काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्याचा अर्थ मला पुढे एका दुपारी त्यांच्या ऑफिसात कळला.

त्या दिवशी वहिनी चष्मा घरी विसरून गेल्या होत्या आणि मला सुट्टी होती. चष्मा घेऊन गेलो. बाहेर रस्त्यावर ट्रेलरांची रांग, आत चार टेबलं, आणि वहिनींच्या कानाला फोन. पलीकडचा माणूस इतका चढ्या आवाजात बोलत होता की मला दारातून ऐकू येत होतं. त्याची मशीन जहाजावर होती आणि ती उतरवून घ्यायला त्याने माणसं बांधून ठेवली होती. "मॅडम, येस ऑर नो?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वहिनी म्हणाल्या, "शेठ, येस म्हटलं तर तुम्ही क्रेन बोलवाल. नो म्हटलं तर माणसं सोडून द्याल. दोन्हीत तुमचंच नुकसान. मी टेंटेटिव्ह म्हणते. तुम्ही आता चहा घ्या, चारला फोन करते." फोन ठेवला तर दारात एक ट्रेलरवाला उभा. उरणकडचा, म्हात्रे नावाचा.

"मॅडम, आमी सकालपासून उभं हाय. माल आज भेटंल का नाय, तेवडं सांगा."

"जेवून घ्या म्हात्रे. जहाज बाहेर उभं आहे, धक्का रिकामा नाही. चारला सांगते."

"चारला येल का?"

"चारला मी येईन. जहाजाचं काय ते चारला सांगते."

म्हात्रे हसला. "तुमी येल म्हंजे येल. जहाजाचा काय भरोसा नाय," म्हणाला आणि जेवायला गेला.

मी चारपर्यंत थांबलो. चार वाजले तरी जहाज बाहेरच होतं, काहीही नवीन कळलेलं नव्हतं. तरी वहिनींनी एकेका पार्टीला फोन लावायला घेतला. अजून बाहेरच आहे, धक्का रिकामा नाही, सकाळी दहाला सांगते. मग बाहेर जाऊन म्हात्रेलाही सांगून आल्या. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सांगायला काही नव्हतं, तर फोन कशाला केलेत?" त्या दमलेल्या होत्या, डोळे मिटूनच बोलल्या. "काही नवीन नाही, हे सांगायला. भाऊजी, टेंटेटिव्ह म्हणजे मला माहीत नाही असं नव्हे. जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलंय, आणि मी परत फोन करणार आहे. परत फोन करायचा नसेल तर तो शब्द वापरू नये."

मी पुढे पुष्कळदा यावर विचार केला. आपल्याकडे अशा वेळी वापरायला शब्द थोडे नाहीत. बहुतेक आहे, कदाचित आहे, आणि सगळ्यांत सोयीचा म्हणजे 'बघू'. आमच्या वडिलांच्या तोंडी बघू म्हणजे नाही असायचं. कामोठ्याला आमच्या ओळखीच्या एकाने फ्लॅट बुक केला होता, त्याचा बिल्डर ताब्याच्या तारखेबद्दल विचारलं की टेंटेटिव्हच म्हणायचा आणि मग फोन उचलायचा नाही. शब्द तोच. बोलणाऱ्याने पुढची वेळ दिली आहे का आणि त्या वेळेला तो हजर असतो का, यावर त्याचा अर्थ ठरत होता. कोशात हे कुठे लिहायचं, मला माहीत नाही.

घरात त्यांची आणखी एक सवय होती. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर, आणि त्याच खिळ्याला दोरीने बांधलेली पेन्सिल. जे ठरलेलं नाही ते पेन्सिलीने लिहायचं. ठरलं की त्यावरूनच निळ्या पेनने गिरवायचं. केतकीच्या परीक्षा, प्लंबर, दादाची डोळ्यांची तपासणी, माझी निवृत्ती, सगळं आधी पेन्सिलीत आणि मग निळं झालं. केतकीची कॅनडाला जायची तारीख कितीतरी दिवस पेन्सिलीत होती. ती गिरवताना वहिनींनी पेन दोनदा झटकला, शाई येत नाही म्हणून. शाई येत होती.

गेल्या उन्हाळ्यात वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, गाठ निघाली. डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो होतो. दादा म्हणाला, "डॉक्टर, मला लांबण नको. बरी होणार की नाही, एवढं सांगा." डॉक्टर म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही. बघू या." त्यावर वहिनी खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "बघू या नको, डॉक्टर. आज काय दिसलं ते सांगा, काय कळलेलं नाही ते सांगा, आणि परत कधी सांगणार ते सांगा." डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुठे नोकरीला होतात?" त्यांनी विचारलं. "न्हावा शेव्याला," वहिनी म्हणाल्या, "फोनवर." त्यानंतर ते डॉक्टर वहिनींशी सरळ बोलायला लागले. कधी कधी स्वतःच म्हणायचे, "आज टेंटेटिव्ह देतो, मॅडम. शुक्रवारी बोलू." आणि शुक्रवारी बोलायचे.

खरा प्रश्न केतकीचा होता. तिची नोकरी नवी होती, वर्षात एकदाच लांब रजा मिळणार होती. ती आत्ता घालवली आणि नंतर वेळ आली तर काय? आणि राखून ठेवली आणि उशीर झाला तर? दादा तिला एके दिवशी सांगायचा, "काही नाही गं, ॲसिडिटी आहे, आई ठणठणीत आहे." दोन दिवसांनी तोच घाबरून सांगायचा, "मिळेल त्या विमानाने ये." एका संध्याकाळी तिने मला फोन केला. "काका, बाबा एकदा ये म्हणतात, एकदा येऊ नको म्हणतात. मी कुणाचं खरं मानू?" मी काही म्हणायच्या आत वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "फोन द्या इकडे. उद्यापासून चारला मी करते, म्हणावं."

फोन ठेवल्यावर दादा चिडला. "ती काय पार्टी आहे का तुझी? पोटची पोर आहे."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. "पार्टीला मी कधी खोटी तारीख दिली नाही. तिला देऊ?"

"मग सांगणार काय?"

"आहे तेवढं."

दुसऱ्या दिवसापासून चारचे फोन सुरू झाले. मी जवळ बसत असे, कारण फोन धरून त्यांचा हात दुखायचा. बोलणं थोडं असायचं. आज दोन घास जास्त गेले. दुखणं कालच्याइतकंच. शुक्रवारी रिपोर्ट आहे. रजा अजून टाकू नकोस. टेंटेटिव्ह. उद्या चारला. ज्या दिवशी उलट्या थांबत नव्हत्या त्या दिवशी तेही सांगितलं, लपवलं नाही आणि वाढवलंही नाही. केतकी सुरुवातीला रडायची, मग प्रश्न विचारायला लागली, मग तिकडच्या गमती सांगायला लागली. दादा त्या वेळी गॅलरीत जाऊन उभा राहायचा. त्याला ऐकवत नव्हतं... तरी गॅलरीचं दार तो कधी पूर्ण लावून घेत नसे.

पाऊस संपला. दिवाळी जवळ आली आणि एके दिवशी वहिनी फोनवर म्हणाल्या, "डॉक्टरांचं म्हणणं, औषध आता पहिल्यासारखं लागू पडत नाही. मी अजून चालते, बोलते, तुझ्या बाबांशी भांडते. रजा टाक. कन्फर्म." दादा गॅलरीतून आत आला. पायपुसण्यावर तसाच उभा राहून मला म्हणाला, "कन्फर्म म्हणाली ती." हा शब्द आम्ही कुणीच वहिनींच्या तोंडून घरात ऐकला नव्हता. त्यांनी मला पेन आणायला सांगितलं.

केतकी आली तेव्हा वहिनींना जरा बरं वाटत होतं. ती होती तितके दिवस तसेच बरे गेले. काही विशेष घडलं नाही, हेच मला आता आठवतं. माय-लेकींनी कपाट आवरलं आणि कुठल्या साड्या ठेवायच्या यावरून कडाक्याचं भांडण केलं. मासेवालीकडून मांदेली घेतली. वहिनींना खाता येत नव्हती, त्या खुर्चीत बसून नुसत्या सूचना देत होत्या आणि केतकी म्हणत होती, "आई, तू ऑफिसातून बोलतेयस का?" एकदा ती मला हळूच म्हणाली, "काका, मी लवकर आले का? ही तर बरी दिसतेय." वहिनींनी ऐकलं. "माल वेळेआधी आला म्हणून कुणी मला फोन करून ओरडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

जायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर दिवाळीआधीच घरात येतं, तसं ते आलेलं होतं. वहिनींनी ते मांडीवर घेतलं, केतकीला पुढची आठवडाभराची रजा कधी मिळेल ते विचारलं आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारवर पेन्सिलीने 'केतकी' असं लिहिलं. केतकी ते बघत राहिली. "टेंटेटिव्ह?" तिने विचारलं.

"टेंटेटिव्ह."

"म्हणजे तू फोन करणार."

"मी, नाहीतर भाऊजी. पण फोन येईल." मग म्हणाल्या, "आणि मधे काही झालं तर धावत येऊ नकोस. तू पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, बाबांना तेव्हा कुणी कमी पडणार नाही. फेब्रुवारीत कुणी नसेल. तेव्हा ये." केतकीने वाद घातला नाही. वाकून नमस्कार केला, बॅग उचलली, आणि जिन्यातून परत येऊन कॅलेंडर मांडीवरून घेऊन स्वतः खिळ्याला लावलं.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. थंडीत वहिनी झिजत गेल्या. रात्री दादा जागायचा, दिवसा मी. आम्ही दोघं एकमेकांशी औषधांपलीकडे बोलेनासे झालो होतो, इतके थकलो होतो. चारचा फोन मात्र चुकला नाही. शेवटी शेवटी मीच तो त्यांच्या कानाशी धरत असे, आणि त्यांचं एकेक वाक्य पुरं व्हायला वेळ लागायचा. सोमवारी त्या म्हणाल्या, "आज काही नवीन नाही. उद्या चारला." मंगळवारचं वर लिहिलंच आहे.

केतकी धावत आली नाही. नातेवाइकांत त्यावर बोलणं झालं. एका आत्याबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "एकुलती एक, आणि आली नाही." चार वाजले होते, मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो. मी रोज करत होतो. आज कोण आलं होतं, बाबांनी काय खाल्लं, उद्या काय आहे. पुढे पुढे सांगण्यासारखं काहीच नसायचं. "काही नवीन नाही," मी म्हणायचो, आणि केतकी "बरं काका, उद्या चारला," म्हणायची. माणसांची ये-जा थांबली त्या सुमारास एका दुपारी दादा येऊन माझ्यासमोर बसला. चार वाजायचे होते. मी फोन उचलला तसा त्याने हात पुढे केला. "दे." मग बराच वेळ आठवून आठवून तो तिला सांगत होता. "सकाळी दूध नासलं. विनूने कोरा चहा केला, अगदीच पाणी. वरण बरं झालं होतं. रात्री झोप लागली... तीनपर्यंत. बाकी काही नवीन नाही." आणि शेवटी म्हणाला, "उद्या चारला करतो."

ठरलेल्या शनिवारी केतकी आली. कॅलेंडरसमोर उभी राहिली. मी निळा पेन शोधून तिच्यापुढे धरला, तर म्हणाली, "नको काका, ते आईचं काम होतं. राहू दे तसंच." आठवडाभर ती बापाच्या बरोबर राहिली, तळ्यावर फिरायला नेलं, त्याला भात लावायला शिकवला. खरंच, तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी दादाने कॅलेंडरची पानं उलटली, "तुला पुढची रजा कधी?" असं विचारलं आणि दोरीची पेन्सिल हातात घेतली. इतकी दाबून लिहायला गेला की टोक मोडलं. मी टोक करून दिलं. त्याने ऑक्टोबरच्या एका चौकटीत तिचं नाव लिहिलं.

कॅलेंडर दारामागे आहे. फेब्रुवारीच्या पानावर वहिनींचं अक्षर पेन्सिलीतच आहे, ऑक्टोबरच्या पानावर दादाचं. चारला दादा फोन करतो.